गुरुवारचा सत्संग : बाळाचं वजन

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

माउलींनो, शहापूर-वडगावच्या मागवाल्या घरांत अजून ऐकू येतं, "अंगणवाडीत नको, वजन केलं की बाळाला दृष्ट लागते." अहो, बाळ वाळत चाललंय हे काटा सांगतो, आजीच्या मायेच्या डोळ्याला ते दिसत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला. गरिबाघरची पोरं बालवाडीत येईनात, धाकट्यांना सांभाळायचं कुणी? मग बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. पुढं कोसबाडला पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच जागी. कडेवरच्या भावंडासकट मुलगी शिकायला येई. देवच दारी आला म्हणायचं की!

आता अंगणवाडी आपल्या गल्लीत आहे. कर्नाटकात २०१७ पासून गरोदर नि बाळंतिणींना तिथं दुपारचं गरम जेवण मिळतं. पण सून एकटी जायला लाजते. लोक म्हणतील, घरात खायला नाही काय? सासूबाईंनो, दुपारची जपमाळ तासभर पुढं ढकला आणि सुनेबरोबर तुम्हीच जा. टीचर कन्नडात बोलतात? बोलूदेत, बाजारात आपण बोलतोच की.

पुढच्या गुरुवारी प्रसाद घेताना मी एवढंच विचारणार, नातवाचं वजन किती भरलं?