हुदैबियाहून परतताना



एप्रिल-मेच्या दिवसांत इशाच्या नमाजनंतर एखादा तरुण मशिदीत इतरांपेक्षा अधिक वेळ बसून राहतो. जवळ जाऊन विचारले की सांगतो, "मौलाना, कॅट दिली होती. मुलाखतही चांगली झाली. एमबीएच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण यादी पुढे सरकत नाही." दुसऱ्याला थेट नकारच आलेला असतो. दोघांच्या ओठांवर प्रश्न मात्र एकच: "रमजानभर दुआ केली, ती गेली कुठे?"

या प्रश्नाला दटावून गप्प बसवू नये. असाच प्रश्न आपल्याहून कितीतरी श्रेष्ठ माणसांच्या मनात उठला होता.

हिजरी सन ६, म्हणजे इ. स. ६२८. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे १४०० सहाबांसह उमऱ्यासाठी निघाले. अंगावर एहराम, सोबत कुर्बानीची जनावरे. आपण काबागृहात प्रवेश करीत आहोत, असे स्वप्न प्रेषितांना पडले होते. परंतु मक्केच्या वेशीवर हुदैबिया येथे कुरैशांनी त्यांना अडवले. तह झाला: यंदा परत जा, पुढील वर्षी या. हजरत उमर (रजि.) व्याकूळ झाले. आपण काबागृहाचा तवाफ करू, असे आपणच सांगितले होते ना, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. उत्तराचा आशय असा होता की, सांगितले होते, पण याच वर्षी असे सांगितले नव्हते. पुढच्याच वर्षी उमरा घडला. आणि ज्या तहाने सहाबांची मने मोडली होती, त्यालाच कुरआनने उघड विजय म्हटले.

मात्र येथे सावध राहावे. प्रेषितांपाशी अल्लाहचे वचन होते. तुम्हाआम्हाला कोणत्याही संस्थेचे नाव घेऊन वचन मिळालेले नाही. पुढील वर्षी प्रवेश मिळेलच, असे मी तुम्हांस सांगणार नाही. हदीसवरून एवढे निश्चित कळते की, पापाची किंवा नाती तोडण्याची नसलेली दुआ वाया जात नाही. मागितलेले मिळते, किंवा ते आखिरतसाठी राखले जाते, किंवा तेवढेच एखादे संकट टळते.

मग हाती काय उरते? तह झाल्यावर प्रेषितांनी कुर्बानी करण्यास सांगितले, तेव्हा दुःखाने सुन्न झालेले सहाबा जागचे हलेनात. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचवले की, कोणाशी काही न बोलता आपण स्वतःच कुर्बानी करावी. प्रेषितांनी तसे करताच सारे उठले. निराशेच्या घडीला समोरचे पहिले काम करणे, हाच त्यातील धडा होय. तुमचे पहिले काम कोणते? दुसरीकडे मिळालेल्या प्रवेशाची मुदत पाहणे, शुल्क परत मिळण्याचे नियम वाचणे, मुलाखतीत कोठे कमी पडलो हे कागदावर लिहिणे, नोकरी असेल तर ती मन लावून करणे. उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही आपली शिकवण आहे.

दुसरी गोष्ट, जेथे जायचे नाही ती जागा आजच सोडा. प्रतीक्षायादी सरकते ती कोणीतरी जागा सोडल्यामुळेच. तुम्ही निष्कारण अडवून ठेवलेली जागा हे दुसऱ्या एखाद्या घरातले जागरण आहे. आपल्यासाठी जे आवडते तेच भावासाठी आवडणे, याचा अर्थ आज तुमच्यासाठी एवढा सोपा झाला आहे.

तिसरी गोष्ट कटू आहे. "माझे नाव पाहूनच मला नाकारले," असे काही तरुण सांगतात. अन्यायाचा पुरावा असेल तर रीतसर तक्रार करा. अन्याय मुकाट सोसणे म्हणजे सब्र नव्हे. परंतु पुरावा नसेल, तर संशयाला ज्ञान समजू नका. कॅटला सुमारे अडीच ते तीन लाख उमेदवार बसतात. ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे अडीच-तीन हजार जण असतात. पुष्कळसे नकार केवळ जागा थोड्या असल्यामुळे येतात. निराधार संशय सर्वांत आधी तुमचाच पुढचा प्रयत्न खाऊन टाकतो.

आणि पैशाच्या जोरावर जागा मिळवून देणारा दलाल दारी आला, किंवा अनुभवाचा खोटा दाखला तयार करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. लाच आणि खोटेपणा यांवर उभ्या राहिलेल्या पदवीच्या कमाईत बरकत कोठून येणार?

मातापित्यांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. अम्मी नातेवाइकांचे फोन टाळू लागल्या, अब्बा जेवताना बोलेनासे झाले, की मुलाला दुसरा नकार मिळतो, आणि तो पहिल्याहून जड असतो. संस्थेने एक अर्ज नाकारला आहे. तुमच्या लेकराला नव्हे. उम्मे सलमांप्रमाणे त्याला एक शहाणा शब्द द्या, आणि आज रात्री त्याला शेजारी बसवून जेवा.

हे अल्लाह, आमच्या मुलांना जे हितकर आहे ते दे, जे दिले नाहीस त्यावर समाधान दे, आणि वाट पाहण्याच्या काळात त्यांचे हात रिकामे ठेवू नकोस. आमीन.