पटकीचा जंतू आणि हिंसेचा प्रश्न

सोलापुरातील जैन घरांत पाणी गाळून घेण्याचा आणि व्रतस्थांसाठी ते उकळून ठेवण्याचा जो परिपाठ आहे, त्याकडे बाहेरचा माणूस नुसते सोवळे म्हणून पाहतो. परंतु दुहेरी कापडातून पाणी गाळल्यावर तेच कापड उलटे धरून, त्यावर अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडण्याची दक्षता ज्याने जवळून पाहिली, त्याला त्यामागील प्रश्न टाळता येत नाही. गाळण्यात जीव वाचतात, उकळण्यात मरतात. एकाच धर्माने दोहोंना मान्यता कशी द्यावी?

ह्या जिल्ह्यात हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. पंढरपूरच्या यात्रेत पाण्यातून पसरणारी पटकी उद्भवणे ही एकोणिसाव्या शतकात सरकारदफ्तरी वारंवार नमूद होणारी बाब होती, आणि तिचे खापर गावोगाव मरीआईच्या कोपावर फुटे. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढला, तेव्हा कोपाच्या जागी स्वल्पविरामासारखा वाकडा, दुहेरी आवरणाचा, एकाच शेपटीवर पोहणारा जीव उभा राहिला. आरोपी बदलला, आरोप कायम राहिला.

वस्तुतः हा जंतू आतड्याच्या पेशींत घुसतही नाही. बारीक तंतूंनी तो अस्तराला चिकटतो व विष सोडतो. त्या विषाचे पाच घटक पेशीला धरतात, सहावा आत शिरून क्षारांची वाट उघडीच ठेवतो, क्षारांमागे पाणी जाते, आणि धडधाकट माणूस काही तासांत शुष्क होतो. हे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. पुढे १९९६ मध्ये असे उघडकीस आले की, त्याची जनुके जंतूला एका विषाणूकडून मिळालेली आहेत. आता फिर्याद कोणावर गुदरावी?

तत्त्वार्थसूत्र ह्या जैन ग्रंथात हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाआधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो, आणि मला तो क्रमच निर्णायक वाटतो. जंतूसारख्या एकेंद्रिय जीवालाही कषाय, म्हणजे क्रोधादी विकार, असतातच, ही जैन पंडितांची हरकत रास्त आहे. तथापि जाब विचारता येतो तो पिण्याच्या पाण्यात मैला मिसळू देणाऱ्या जाणत्यालाच.

आता पुन्हा गाळण्याकडे वळू. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकी जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा जंतू कापडातून सहज निसटतो, पण ज्या सूक्ष्म कवचधारी जीवांना तो चिकटलेला असतो, ते अडकतात. अर्थात तेच कापड विहिरीत उलटे झटकले की वाचवलेल्या जीवांबरोबर जंतूही विहिरीत परततो, आणि उद्याच्या घागरीत पुन्हा येऊ शकतो. म्हणून गाळणाऱ्याला चूलही पेटवावी लागते.