शंभर वर्षांची अट

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आहे. ते उभारणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर, महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची झुंज कोरली आहे. ती याच युद्धाची, असं बरेच अभ्यासक मानतात. मंदिराला पुरातत्त्व खात्याचं कुंपण आहे. त्या जहाजांचं जे काही उरलं असेल, त्याला समुद्राचं. आजवर तेवढं पुरलं.

आता पुरत नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी जावाच्या समुद्रात बुडवलेल्या 'डी राउटर' आणि 'जावा' या डच युद्धनौका २००२ साली हौशी पाणबुड्यांना सापडल्या होत्या. २०१६ मध्ये पुन्हा शोध घेतला, तर तळाशी नुसते त्यांच्या आकाराचे खळगे! भंगारासाठी अख्ख्या नौका उचलून नेल्या होत्या, आतल्या खलाशांच्या अवशेषांसकट.

युद्धाच्या अवशेषांना हातच लावू नये, असं मी म्हणणार नाही. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत वसलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी सैनिकांच्या बराकींत संसार थाटले. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प चार' म्हणतात. पण त्या बराकी रिकाम्या होत्या.

'आयएनएस खुकरी' रिकामी नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे. पाण्याखालच्या नौकेचं काय? युनेस्कोचा २००१ चा करार निदान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांनाच वारसा मानतो. भारत त्या करारात नाही, आणि स्मारकांचा आपला १९५८ चा कायदाही शंभरच वर्षं मागतो. म्हणजे खुकरीनं २०७१ पर्यंत थांबायचं. देवळाला वयाची अट समजू शकते. माणसं जिथं पडली, त्या जागेला ती लावणं मला पटत नाही.

गोव्यात ग्रँड बेटाजवळ पर्यटक बुडालेली जहाजं पाहायला पाण्यात उतरतात. ते थांबवा, असंही मी म्हणणार नाही. जिथं कुणी फिरकत नाही, तिथली चोरी उघड व्हायलाही वर्षं जातात.

ब्रिटननं १९८६ च्या कायद्यात यातून वाट काढली आहे. काही युद्धनौका जवळ जाऊन बघता येतात, पण आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही. काहींपाशी परवान्याशिवाय बुडीच मारता येत नाही. कोणती नौका कोणत्या यादीत, हे सरकार शंभरीची वाट न पाहता ठरवतं. असा कायदा आपल्याकडे झाला, तर खुकरी दुसऱ्या यादीत असावी, असं मला वाटतं. पण आधी तिच्यावरच्या नौसैनिकांच्या घरच्यांना विचारावं. त्यांतले अनेक जण आज हयात आहेत, २०७१ मध्ये नसतील.