माझंच घर का वाचलं?

माऊली, आपण वारकरी एक वाक्य फार सहज बोलतो : 'पांडुरंगाने वाचवलं.' घाटात गाडी घसरता घसरता थांबली, पांडुरंगाने वाचवलं. दुखण्यातून माणूस उठला, पांडुरंगाने वाचवलं. त्यात खोटं काही नाही. जीव भांड्यात पडला की आपल्या तोंडून त्याचंच नाव येणार. पण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक दिवस असा आला, की हेच वाक्य शेजाऱ्यादेखत बोलणं जड व्हावं.

तो दिवस ३ जून २०२०. आदल्या दिवशी निर्जला एकादशी होती आणि द्वादशीला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. (नाव बांगलादेशाने सुचवलेलं; बंगालीतही अर्थ तोच.) वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, खाली मंडणगड-दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं फुटली, पत्रे कागदासारखे उडाले, विजेचे खांब मोडले. आगोटीची बेगमी म्हणून भरून ठेवलेलं तांदूळ, सरपण भिजलं. पुढचे कित्येक दिवस गावंच्या गावं अंधारात होती.

किनाऱ्यावरच्या माणसाला वारा-पाऊस नवा नसतो. पण असं वादळ थेट अंगावरून जाणं तिथल्या बहुतेकांना नवंच होतं. नेहमीचा वारा एका अंगाने येतो, त्याच्याकडे पाठ करता येते. चक्रीवादळ गरगरत येतं आणि त्याच्या मधोमध एक डोळा असतो. तो डोळा ज्या गावावरून जातो तिथे वारा एकाएकी पडतो. नवखा माणूस म्हणतो, सुटलो! दार उघडून कौलं बघायला अंगणात येतो. मग वारा उलट्या दिशेने सुटतो. पहिल्या झोतात मुळं सैल झालेलं झाड बरेचदा या दुसऱ्या झोतात पडतं.

आता वारा पुरता थांबला आहे असं समजा. तुमचं घर उभं आहे. पलीकडच्या घराचं छप्पर वाडीत जाऊन पडलं आहे. दोन्ही अंगणांत तुळस, दोन्ही घरांत माळ, दोघांनी कालच एकादशी केलेली. तुम्ही हात जोडून म्हणता, 'पांडुरंगाने वाचवलं.' कुंपणापलीकडे शेजारी ते ऐकतो. त्याने काय समजायचं? की आपल्याला सोडून दिलं?

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे : प्रारब्ध. मला हा शब्द नाकारायचा नाही. ज्याचं छप्पर उडालं तोच ओल्या भिंतीला टेकून म्हणाला, 'त्याची इच्छा,' तर ते म्हणणं त्याला उभं करतं. पण तोच शब्द मी माझ्या कोरड्या ओटीवर बसून त्याच्याविषयी बोललो, तर तो शब्द दगड होतो. शब्द तोच, तोंड बदललं. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; दुसऱ्याच्या दुःखाला तसं म्हणण्याचा अधिकार मला तरी कुठे सापडत नाही. वाऱ्याने माळ बघून घरं निवडली नाहीत. वासा किती जुना होता, माड किती जवळ होता, आडोसा कुठल्या बाजूला होता, एवढंच त्याने पाहिलं.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे. पण आभार मानताना शेजाऱ्याच्या घराशी तुलना कशाला हवी? आणि ज्यांनी हवामान खात्याचा इशारा येताच किनाऱ्यावरची हजारो माणसं, तीही महामारीच्या दिवसांत, सुरक्षित जागी हलवली, त्यांना त्या आभारातून वगळू नका. पांडुरंगाचे हात शोधायचेच तर मी आधी तिथे शोधीन.

त्याच जूनमध्ये पायी वारीही थांबली होती. माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हाही कुणी म्हणालं असेल, देव कोपला. कुणावर कोपला? चालायला आसुसलेल्या वारकऱ्यांवर?

तुकोबांचं स्मरण या जागी मला पुन्हा पुन्हा होतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. परंपरा सांगते, की घरातली कर्जखतं त्यांनी अर्धी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कीर्तनात आपण ही कथा वैराग्याची म्हणून ऐकतो. ती कथा जरा त्या खतांवर ज्यांची नावं होती त्यांच्या अंगाने ऐका. दुष्काळ त्यांच्याही घरात होता. त्यांनी काय पाप केलं म्हणून ही वेळ आली, याचा हिशेब तुकोबांनी मांडला नाही. जो कागद हातात होता तो सोडून दिला.

तुमच्या-माझ्या हातात काय आहे? वादळानंतरच्या त्या कुंपणापाशी असलेली वस्तू फार लहान असते. कोरडी ओटी, जिथे शेजारच्या तांदळाची पोती ठेवता येतात. एक ताडपत्री. चार्ज असलेला फोन. ते देताना 'देवाने मला ठेवलं ते तुमच्यासाठीच' असंही बोलू नये. तेही ऐकणाऱ्याला टोचतं. नुसतं 'पोती इकडे आणा' म्हटलं तरी पुरतं.

आणि वाडीचं म्हणाल, तर पोफळीला सुपारी धरायला बरीच वर्षं जातात. तिचं रोप सुपारीपासूनच करावं लागतं आणि कोवळेपणी त्याला सावली लागते. ज्याच्या वाडीत चार पोफळी उभ्या राहिल्या, त्याच्याकडेच बियाणं आहे. शेजाऱ्याची नवी वाडी तिथूनच उठणार.