सांडपाण्यातील वीज आणि तिचे मोजमाप

सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना जिवाणू त्यांतील इलेक्ट्रॉन सोडवून घेतात आणि अखेरीस ते ऑक्सिजनसारख्या एखाद्या ग्राहकाकडे सोपवतात. इलेक्ट्रॉनांचा हा प्रवास तारेतून वळवता आला तर वीज मिळते, हे डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ साली दाखवून दिले. या तत्त्वावर चालणाऱ्या सूक्ष्मजैविक इंधनघटात सांडपाण्यातील जिवाणू ऑक्सिजनविरहित कप्प्यातील अॅनोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या कार्बनच्या पृष्ठभागावर, थर धरून वाढतात; तेथून इलेक्ट्रॉन तारेवाटे आणि प्रोटॉन पाण्यातून कॅथोडकडे जातात व तेथे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्यांचे पाणी होते. पोटोमॅक नदीच्या गाळात १९८७ मध्ये सापडलेल्या जिओबॅक्टर कुळातील जिवाणू निसर्गात लोहाच्या ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे पेशीबाहेरच्या घन पदार्थाशी असा व्यवहार करणे त्यांच्या अंगवळणीच पडलेले असते.

या शोधाकडे वीजनिर्मितीचा कारखाना म्हणून पाहिले की निराशा पदरी येते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात ब्रूस लोगन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये घरगुती सांडपाण्यावर केलेल्या प्रयोगात इलेक्ट्रोडच्या दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त २६ मिलिवॅट वीज मिळाली. या हिशेबाने नऊ वॅटचा एक दिवा लावायला सुमारे ३५० चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. परंतु त्याच प्रयोगात पाण्यातील रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे एक प्रचलित माप, जास्तीत जास्त ८० टक्क्यांनी उतरली होती, आणि खरे महत्त्व या दुसऱ्या आकड्यालाच दिले पाहिजे. मँचेस्टरमध्ये १९१४ साली विकसित झालेल्या आणि आजही जगभर चालणाऱ्या सक्रिय गाळ पद्धतीत टाक्यांमध्ये सतत हवा सोडावी लागते, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या एकूण विजेपैकी बहुधा निम्मी तरी तिथेच खर्च होते, शिवाय जिवाणूंच्या भरघोस वाढीमुळे साचणाऱ्या गाळाची विल्हेवाट लावण्याचा भार वेगळाच. इंधनघटात अॅनोडकडे हवा फुंकावी लागत नाही आणि ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने बाहेर पडत असल्याने जिवाणूंची वाढ बेताची राहते; वाचलेली वीज आणि टळलेला गाळ हीच या घटाची मोठी कमाई होय.

ही कमाई मोठ्या केंद्रांपर्यंत पोहोचण्यात अडचणी मात्र खऱ्या आहेत: घराघरांतून येणारे सांडपाणी वीज फारशी वाहून नेत नाही, घटाचा आकार वाढवला की अंतर्गत रोध वाढतो, आणि एकेका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो म्हणून अनेक घट एकसरीत जोडावेत तर दुबळ्या घटाची ध्रुवता उलटते. म्हणूनच ब्रिस्टल येथे २०१५ मध्ये उभारलेल्या, मूत्रावर चालून स्वतःपुरता उजेड देणाऱ्या प्रायोगिक मुतारीसारखे लहान उपयोग, विशेषतः वीजवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांसाठी आणि निर्वासितांच्या छावण्यांसाठी, सध्या अधिक आश्वासक ठरतात.