गफलतीचा हिशेब

रस्त्यावरील अपघातात कोणी दगावले की कब्रस्तानातून परतताना एक वाक्य हमखास कानी पडते : "त्याची वेळच आली होती." हे वाक्य खोटे नाही. प्रत्येक जिवाची घटिका अल्लाहने निश्चित केली आहे, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु ज्याच्या वाहनाखाली तो जीव गेला, त्याच्याच तोंडी हे वाक्य आले तर त्याचा अर्थ पालटतो. शोकाकुल मातेसाठी तकदीर हा आधार आहे. निष्काळजी चालकासाठी ती ढाल होऊ शकत नाही. मग प्रश्न उभा राहतो : जे आपण हेतुपुरस्सर केले नाही, त्याचाही हिशेब आपल्याला द्यावा लागेल काय? हा प्रश्न जितका रस्त्याचा आहे तितकाच शेताचाही आहे. म्हणून येथे दोहोंचा विचार करू.

दिव्य कुरआनने या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध ठेवलेले नाही. सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येचा आदेश आला आहे. मारणाऱ्याचा हेतू नव्हता हे मान्य करूनही त्याला मोकळे सोडलेले नाही. त्याच्या हातून मृताच्या वारसांना दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, मिळावी आणि त्याने एक ईमानवंत गुलाम मुक्त करावा. ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, असा हा आदेश आहे. वारस दियत माफ करू शकतात. कफ्फारा माफ करणे मात्र त्यांच्या हाती नाही, कारण तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातील व्यवहार आहे. हेतूच नव्हता तर प्रायश्चित्त कशाचे? फकीहांनी याचे उत्तर असे दिले आहे की, हत्येच्या हेतूचा गुनाह त्याच्यावर नाही. परंतु जी सावधगिरी त्याने बाळगायला हवी होती ती त्याने सोडली, या दोषातून तो सुटत नाही. दोष हाताचा नसेल, पण गफलतीचा आहेच.

आपल्या मदरशांत शतकानुशतके शिकवला जाणारा 'अल्-हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ बाराव्या शतकातील. मोटारी तेव्हा नव्हत्या. घोडे, उंट आणि खेचरे होती. तरीही त्यात मांडलेला नियम आजच्या महामार्गाला तंतोतंत लागू पडतो. सार्वजनिक रस्त्यावरून जाणे प्रत्येकास मुबाह आहे, परंतु 'सलामती'च्या अटीवर. जे टाळणे शक्य आहे ते टाळलेच पाहिजे. म्हणून जनावराने कोणाला पायाखाली तुडवले तर स्वार जबाबदार ठरतो. चालत्या जनावराने मागे लाथ झाडली तर तो जबाबदार नाही, कारण ती रोखणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. मात्र त्याने जनावर रस्त्यातच उभे केले असेल, तर त्या लाथेचीही जबाबदारी त्याच्यावर येते. कारण तेथे उभे न करणे त्याच्या हाती होते.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दररोज सरासरी ९०. यांतील किती मृत्यू 'मागच्या लाथेचे' आणि किती 'पायाखाली तुडवल्याचे'? साधा हिशेब करू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. चालकाने दोन सेकंद मोबाइलकडे पाहिले की ते ४० मीटर आंधळेपणाने धावलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. हे सारे चालकाच्या उजव्या पायाखाली आहे, आवाक्याबाहेर नाही.

'सलामती' या शब्दाचा आणखी एक धागा येथे लक्षात घ्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, वाहनावर स्वार असलेल्याने पायी चालणाऱ्यास सलाम करावा. पादचाऱ्याने नव्हे, तर स्वाराने पुढाकार घ्यायचा. ज्याच्यापाशी उंची आणि वेग आहे, त्याने आधी नम्र व्हायचे. सलाम म्हणजे 'माझ्याकडून तू सुरक्षित आहेस' ही ग्वाही. तोंडाने सलाम म्हणायचा आणि हॉर्न वाजवून वृद्धाला रस्त्याकडेच्या गटारात ढकलायचे, ही त्या ग्वाहीची पायमल्ली होय.

पायाखाली येणाऱ्या जिवाचा विचार कुरआनने आणखी एका ठिकाणी केला आहे. सूरह अन्-नम्लमध्ये एक मुंगी आपल्या जातभाईंना बिळात शिरण्यास सांगते, कारण हजरत सुलैमान (अ.) आणि त्यांचे सैन्य त्यांना नकळत तुडवतील. 'नकळत' हा शब्द मुंगीचा आहे. तिने त्यांच्यावर क्रौर्याचा आरोप केला नाही. आणि सुलैमान (अ.)? ते थांबले, स्मितहास्य केले आणि कृतज्ञतेची दुआ मागितली. सत्ता असूनही ज्याला पायाखालचा आवाज ऐकू येतो, तो खरा शुक्रगुजार.

शेतकरी बांधवांच्या पायाखाली तर मुंगीहूनही कितीतरी लहान सृष्टी नांदते. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे रोप अलगद उपटले तर मुळांवर गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही; हे जीवाणू तो पिकाला पचेल अशा रूपात आणून देतात आणि मोबदल्यात मुळांकडून अन्न घेतात. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर काम चालू आहे असे समजावे. आपण बी टाकतो. उगवणारा अल्लाह आहे, आणि त्याने या कामी नेमलेले हे अदृश्य चाकर आहेत.

त्यांच्यावरही आपला आघात नकळतच होतो. बियाण्याला बुरशीनाशक आणि जीवाणू संवर्धक एकत्रच चोळले, की जीवाणू पेरणीआधीच मरतात. बुरशीनाशक आधी, संवर्धक सर्वांत शेवटी, मग बियाणे सावलीत सुकवून लवकर पेरायचे, एवढीच दक्षता हवी असते. कडधान्याला युरियाची खैरात केली की मुळांवर गाठी कमी धरतात. उसाचे पाचट पेटवले की वरच्या थरातील जीवसृष्टी होरपळते. पुढे जमिनीचा कस उतरतो आणि आपण म्हणतो, "नशीब!"

माणूस आणि जीवाणू यांची बरोबरी येथे मुळीच अभिप्रेत नाही. एका निरपराध माणसाचा जीव घेणे हे साऱ्या मानवजातीचा जीव घेण्यासारखे आहे, ही कुरआनची शिकवण आहे. जीवाणूसाठी दियत नाही. परंतु सूरह अल्-बकराच्या २०५ व्या आयतीत जमिनीवर फसाद माजवणाऱ्याची ओळख सांगताना 'हर्स' आणि 'नस्ल', म्हणजे शेती आणि जीव, या दोहोंच्या विध्वंसाचा उल्लेख एकत्र आला आहे. आयत हेतुतः विध्वंस करणाऱ्याविषयी आहे. आपण तसे नाही. मात्र गफलतीने झालेला नाश अखेर त्याच दोन ठिकाणी पोहोचतो, याची भीती ईमानवंताला वाटली पाहिजे.

म्हणून सुरुवात आपल्याच दारापासून व्हावी. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती कौतुकाने मोटारसायकल देणारा बाप त्या गफलतीत भागीदार आहे. जुमाच्या नमाजसाठी आलेल्यांच्या गाड्या पदपथ अडवतात आणि शेजारच्या स्त्रियांना, शाळकरी मुलांना भर रस्त्यातून चालावे लागते. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. मग इबादतीस येताना आपणच ती वस्तू कशी ठेवावी? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९३ साली ब्रुनेई येथील अधिवेशनात ठरवले की, शरीअतशी विसंगत नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीअतनेच वाजिब आहे. सिग्नल तोडणे ही केवळ दंडाच्या पावतीची बाब उरत नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने तडफडत्या माणसाजवळून निघून जाणे, याला निमित्त उरलेले नाही. आणि ज्याच्या हातून असा मृत्यू घडला असेल, त्याने न्यायालयाच्या निकालावर थांबू नये. मुफ्तीसाहेबांकडे जाऊन दियत आणि कफ्फाऱ्याविषयी विचारावे, मृताच्या घरच्यांना सामोरे जावे.

सूरह अल्-फुरकानने रहमानच्या बंद्यांची पहिली खूण सांगितली ती त्यांच्या चालण्याची : ते धरतीवर नम्रपणे चालतात. त्या धरतीवर आज आपण चाकांनी चालतो, ट्रॅक्टरने चालतो; खूण मात्र बदललेली नाही. अल्लाह आपल्या पावलांना आणि चाकांना ती नम्रता देवो, आपल्यामुळे कोणाच्या घरचा माणूस वाटेत न राहो आणि आपल्या हाती दिलेली जमीन आपण जिवंत परत करू शकू, अशी तौफीक देवो. आमीन.