हरण्याचा हिशेब

आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात एक शब्द आहे : नुरा. दोन मल्लांनी निकाल आधीच ठरवून घ्यायचा आणि मग लाल मातीत उगाच घाम गाळायचा, ती नुरा कुस्ती. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कुस्ती नुरा असल्याचा नुसता वास आला तरी मैदानात हुर्यो उठते. त्या शब्दात पैशाचा संशय असतो, म्हणून त्याविषयी वाद होत नाही. पण समजा, मल्लाने कुणाचा छदामही घेतलेला नाही. पुढची मोठी कुस्ती मारता यावी म्हणून आजची लहान कुस्ती तो जाणूनबुजून सोडतो आहे. मग त्याला काय म्हणावे? लबाड, की शहाणा?

हा प्रश्न कुस्तीपेक्षा फुटबॉलच्या मैदानावर अधिक पडतो, आणि त्याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. मोठ्या स्पर्धेत संघांचे गट पाडतात. गटातले पहिले दोन संघ पुढे जातात आणि मग बाद फेरी सुरू होते : हरला तो घरी गेला. कोणत्या गटातल्या पहिल्याने कोणत्या गटातल्या दुसऱ्याशी झुंजायचे, हे तक्त्यात आधीच छापलेले असते. हेतू असा की, गटात पहिला येणाऱ्याला पुढे थोडी सोपी वाट मिळावी. पण खेळ छापील तक्त्याप्रमाणे चालत नाही. एखादा बलाढ्य संघ पाय घसरून दुसरा येतो आणि मग पहिल्याच्या वाट्याला वाघ व दुसऱ्याच्या वाट्याला शेळी, असा उलटा न्याय होऊन बसतो. अशा वेळी संघाने कोणत्या क्रमांकावर नेम धरावा? पहिल्या, की सोयीच्या?

28 जून 2018 रोजी रशियातील कालिनिनग्राद येथे विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंड आणि बेल्जियम समोरासमोर आले, तेव्हा नेमका हाच पेच होता. दोघांनीही आधीचे दोन्ही सामने जिंकलेले, दोघांनीही आठ गोल केलेले आणि दोन खाल्लेले. सामना बरोबरीत सुटला असता तर गटातला पहिला कोण, हे कुणाला पिवळी कार्डे कमी मिळाली यावरून ठरायचे होते! पुढच्या तक्त्यात जिंकणाऱ्याच्या बाजूला ब्राझील, फ्रान्स, अर्जेंटिना अशी मातब्बर मंडळी बसली होती. हरणाऱ्याची बाजू त्या मानाने सौम्य होती. इंग्लंडने आठ खेळाडू बदलले, बेल्जियमने नऊ. जगभरचे लोक गमतीने म्हणू लागले की, आज दोघेही हरण्यासाठी खेळणार. शेवटी बेल्जियम 1-0 असे जिंकले.

पुढे काय झाले? बेल्जियमला जपानने दोन गोलांनी मागे टाकले होते. त्यातून ते कसेबसे सावरले, मग त्यांनी ब्राझीललाही हरवले आणि उपान्त्य सामन्यात फ्रान्सपुढे मान तुकवली. सोप्या वाटेने गेलेले इंग्लंडही उपान्त्य सामन्यातच क्रोएशियाकडून हरले. कठीण घाटाने चढलेला आणि सपाटीने गेलेला, दोघेही एकाच उंबरठ्यावर अडखळले. तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा गाठ पडली, तेव्हा बेल्जियमनेच बाजी मारली.

यावरून व्यवहारी माणूस लगेच तात्पर्य काढील : पाहा, असले हिशेब फुकटच असतात. त्याला आणखी भक्कम पुरावाही मिळेल. 1998 साली व्हिएतनाममध्ये झालेल्या टायगर चषकाच्या स्पर्धेत थायलंड आणि इंडोनेशिया हे दोन्ही संघ उपान्त्य फेरीत आधीच पोहोचले होते. आपसातल्या सामन्यात जिंकेल त्याला हो ची मिन्ह शहर सोडून हनोईला जायचे होते आणि तिथे यजमान व्हिएतनामशी त्यांच्याच प्रेक्षकांसमोर खेळायचे होते. हरेल त्याला जागच्या जागी सिंगापूरशी. दोघांनाही दुसरेच बरे वाटले. 2-2 अशी बरोबरी असताना, सामना संपता संपता, इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंदी याने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला, आणि थायलंडचे खेळाडू ते जाळे राखायला धावले! प्रतिस्पर्ध्याचा गोल वाचविण्यासाठी जिवाचे रान करणारा संघ जगाने क्वचितच पाहिला असेल. दोन्ही संघांना चाळीस-चाळीस हजार डॉलरांचा दंड झाला, एफेंदीवर आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी जन्माची बंदी आली. आणि इतके करून? इंडोनेशिया सिंगापूरकडून हरले, थायलंड व्हिएतनामकडून. चषक सिंगापूरने नेला, ज्याला सोपे म्हणून निवडले होते त्यानेच.

गोष्ट इसापाला शोभेल अशी आहे. पण मला ती पुरेशी वाटत नाही. लबाडी फसली म्हणून ती वाईट, असे आपण मुलांना शिकवू लागलो तर पुढचा धडा मुले स्वतःच काढतील : न फसणारी लबाडी करावी. आणि न फसलेला हिशेबही घडलेला आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फुटबॉलात जपानचा अखेरचा गट-सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. कार्डिफ येथे 31 जुलैला तो झाला. गटात पहिले आले असते तर जपानला दूर उत्तरेला ग्लासगोपर्यंत जावे लागले असते. दुसरे आले तर मुक्काम कार्डिफलाच राहत होता. सामना 0-0 असा सुटला. नंतर प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी उघडपणे सांगितले की, बरोबरी साधण्याची सूचना आपलीच होती आणि तिची जबाबदारी खेळाडूंची नसून आपली आहे. त्यांना शिक्षा झाली नाही. त्यांचा संघ कार्डिफलाच ब्राझीलला हरवून पुढे गेला आणि रौप्यपदक घेऊन मायदेशी परतला.

हिशेब बरोबर आला. उत्तर ताळ्यासह जुळले. मग आता?

सासाकींची बाजू घेणारा चतुर माणूस म्हणेल : बुद्धिबळात आपण प्यादे देतो आणि वजीर मारतो. त्याला कुणी अप्रामाणिक म्हणत नाही, उलट वाहवा करतात. स्पर्धा हा एक मोठा डाव आहे आणि एकेक सामना म्हणजे त्यातले प्यादे. एक प्यादे दिले तर बिघडले कुठे? मराठी माणूस तर याहून मोठा दाखला देईल. 1665 साली पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांनी तेवीस किल्ले देऊन टाकले. ती माघार होती, पण तिच्या पोटात पुढचे राज्य होते. त्या माघारीला आपण शहाणपण म्हणतो आणि फुटबॉलच्या एका बरोबरीला नाक मुरडतो, हा कोणता न्याय?

युक्तिवाद जोरदार आहे आणि तो हसून उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यात दोन ठिकाणी फट आहे असे मला वाटते. पहिली युद्धाची. मोगलांशी चांगली लढाई करणे हे काही महाराजांचे ध्येय नव्हते. रयत आणि राज्य वाचविणे हे होते. लढाई हे साधन, आणि साधन केव्हा खाली ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शत्रूला आपण चांगल्या लढतीचे देणे लागत नाही. खेळाचे तसे नाही. खेळात समोरचा शत्रू नसतो, तो भागीदार असतो. तो नसेल तर माझा विजयही नाही. दोघांनी मैदानात उतरताना एक न लिहिलेला करार केलेला असतो : तू मला हरवायचा मनापासून प्रयत्न कर, मी तुला हरवायचा करतो, मग जे होईल ते खरे.

दुसरी फट प्याद्याची. प्याद्याला मन नसते. ते माझे आहे, मी ते देऊ शकतो. पण सामना एकट्या माझा नसतो, त्याचे दोन मालक असतात. जपानला तो सामना प्यादे वाटला असेल. दक्षिण आफ्रिकेच्या मुलींसाठी तो वजीर होता. त्यांचे ते पहिलेच ऑलिंपिक. आधीचे दोन्ही सामने त्या हरल्या होत्या. जगज्जेत्या जपानशी बरोबरी करून त्यांनी ऑलिंपिकमधला आपला पहिला गुण मिळविला. तो गुण घरी जाऊन नातवंडांना सांगावा असा होता. आणि काही वेळातच त्यांना कळले की, समोरचा संघ मुळात जिंकायलाच आला नव्हता. त्यांचे काही हिरावले नाही असे म्हणता येईल, उलट एक गुण दिलाच. पण तो खरा होता की नाही, हे कळण्याचा त्यांचा हक्क मात्र गेला. कदाचित त्या दिवशी त्यांनी जपानला खरोखरच रोखले असते! ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

हे फार बारीक बोलणे वाटत असेल तर दिवाळीत घरोघर चालणारा पत्त्यांचा डाव आठवा. आजोबा नातवाला जिंकू देतात. त्यात लोभ नाही, हिशेब नाही, निव्वळ माया आहे. तरीही ज्या क्षणी नातवाला कळते, त्या क्षणी तो पत्ते फेकून ओरडतो, “आजोबा, तुम्ही मुद्दाम हरलात! मी नाही खेळत जा!” सहा वर्षांच्या त्या पोराला न्यायशास्त्र कुणी शिकविलेले नसते. पण मायेने दिलेला खोटा विजयही त्याला अपमानासारखा झोंबतो. मग सोयीसाठी दिलेला किती झोंबत असेल?

शाळेतही हा हिशेब मी पाहिला आहे. गुणांवरून तुकड्या पाडण्याची पद्धत होती, तेव्हा एक हुशार मुलगा चाचणीत सोपी गणिते नेमकी चुकवायचा. ‘अ’ तुकडीत गेलो तर दहावा येईन, ‘ब’ तुकडीत राहिलो तर पहिला, हे त्याचे गणित मात्र अगदी बिनचूक होते. गणित चुकवायलासुद्धा ते आधी यावे लागते, म्हणून त्याच्या चुका फार सुबक असत. पण दोन वर्षांनी त्याची अडचण वेगळीच झाली. एखादे उदाहरण खरोखरच अडले की, ते आपल्याला येत नाही, की आपण ते सोडवायचा प्रयत्नच केला नाही, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. मुद्दाम हरण्याची खरी किंमत मला तिथे दिसली. माणसाला आपली ताकद मोजायची एकच फूटपट्टी असते, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने वाकविलेली असते.

मग संघाने शहाणपणा करूच नये का? जरूर करावा. मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यावी, दुखरा पाय जपावा, राखीव गड्यांना संधी द्यावी. कोणत्या सामन्यात किती शक्ती खर्चायची हे ठरविण्याचा संघाला अधिकार आहे. कालिनिनग्रादला दोन्ही संघांनी नवे गडी उतरविले यात मला गैर दिसत नाही. शक्ती राखणे वेगळे आणि खेळ खोटा करणे वेगळे. मैदानात कोण उतरणार हे हिशेबाने ठरवावे. पण जे अकरा उतरले, त्यांना जिंकायचेच असले पाहिजे. विश्रांती घेणारा कराराच्या बाहेर बसलेला असतो. मुद्दाम हरणारा करारावर सही करून तो मोडतो.

दोष सगळा खेळाडूंच्याच माथी मारावा असेही नाही. स्पर्धा आखणाऱ्यांनी हरण्यात फायदा ठेवायचा आणि मग खेळाडूंना नीतीचे पाठ द्यायचे, हे काही बरोबर नाही. 1982 साली स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना आदल्या दिवशीचा अल्जीरियाचा निकाल ठाऊक होता. जर्मनी एका गोलाने जिंकले की दोघेही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला बहुतेक वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. नियम एकही मोडला नव्हता. त्यानंतर 1986 च्या विश्वचषकापासून गटातले अखेरचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करण्याची रीत पडली. कुंपण असे घालता येते. पण कितीही कुंपणे घातली तरी कुठेतरी फट राहणारच, आणि त्या फटीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात सुटत नाही.

म्हणून माझे उत्तर साधे आहे. नेम पहिल्या क्रमांकावरच धरावा, मग तक्त्यात पुढे वाघ असो वा शेळी. पहिले आल्याने फायदाच होईल अशी हमी कुणी देऊ नये. कधीकधी तोटाही होईल, आणि तो सोसावा लागेल. कालिनिनग्रादच्या सामन्यात 51 व्या मिनिटाला बेल्जियमच्या अदनान यानुझायकडे चेंडू आला. तो गोल झाला तर आपला संघ ब्राझीलच्या वाटेला लागणार, हे त्या मैदानात सर्वांना ठाऊक होते. त्याने समोरच्या गड्याला हुलकावणी दिली आणि डाव्या पायाने चेंडू वळवून जाळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात घातला. चेंडू पायाशी असताना चांगल्या खेळाडूला एकच दिशा माहीत असते. ती विसरायला त्याला शिकवू नये.